मिठाला जागणाऱ्याचे मीठ

कुत्र्याचे कौतुक करायचे झाले की आपल्या तोंडी पहिल्याने येतो तो 'खाल्ल्या मिठाला जागणारा' हा वाक्प्रचार. या प्राण्याच्या इमानाची साक्ष आपण मिठावर काढतो. परंतु त्याच प्राण्याच्या देहात मीठ टिकेनासे व्हावे आणि त्यापायी ऐन तारुण्यात त्याचे प्राण कंठाशी यावेत, असा एक विकार आहे, हे मला वयाची साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हते. ते कळण्यासाठी आमच्या ठकीला मरणाच्या दारातून परत यावे लागले. ज्या घरांत कुत्रे पाळलेले आहे, विशेषतः तरुण कुत्रे आहे, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती हकीकत आणि तिच्या निमित्ताने घडलेले थोडे वाचन येथे मांडीत आहे. मी डॉक्टर नव्हे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला एक सामान्य गृहस्थ आहे. तेव्हा उपचार सांगण्याचा अधिकार माझा नाही. निदानाला विलंब का होतो आणि तो टाळण्यात घरच्या माणसांचा वाटा केवढा मोठा असतो, एवढेच सांगावयाचे आहे.

ओसरीवरचा पाहुणा

आमचे घर जुन्या इंदुरातले. राजवाड्याच्या भोवतीची पेठ वसण्याआधीपासूनची ही वस्ती; कान्ह आणि सरस्वती या नद्यांच्या काठची, चढउताराच्या गल्ल्यांची. येथील शनिमंदिर प्रसिद्धच आहे. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालणारी माणसे आमच्या भागात आजही दिसतात. इंदूरच्या मराठी माणसाला कुत्रा तसा परका नाही. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. त्याच्या सोबत कुत्रा आहे. दत्ताच्या पायाशी चार आहेत. आणि धर्मराजाने स्वर्गाच्या दारात ज्याच्यासाठी इंद्रापुढे हट्ट धरला, तोही कुत्राच. असे असूनही आमच्या वाडवडिलांच्या काळी कुत्र्याची जागा ओसरीपर्यंतच होती. तो आजारी पडला तर एक तर आपोआप बरा होई, नाहीतर एके दिवशी दिसेनासा होई. त्याला काय झाले होते, हे कोणी विचारीत नसे.

ठकी आली ती २०१५ च्या पावसाळ्यात. नातीने तिला शाळेतून येताना उघड्या छत्रीत घालून आणले. आई गल्लीतली गावठी, बाप कोणाचा तरी लॅब्राडोर असावा. नातीच्या लाकडी बाहुलीचे नाव या जिवंत बाहुलीला मिळाले. दोन वर्षे तिने आम्हांला आजारपण कसे ते दाखविले नाही. लसी वेळेवर टोचल्या, जंतांचे औषध दिले, आणि वरणभात, पोळी, दूध यांवर ती चांगली भरली.

चार आजारपणे, चार नावे

२०१७ च्या अनंत चतुर्दशीला इंदुरात नेहमीप्रमाणे झाँक्यांची मिरवणूक निघाली. कापडाच्या गिरण्या बंद पडून कितीतरी वर्षे लोटली, तरी गिरणी कामगारांची ही परंपरा शहराने सोडलेली नाही. झाँक्यांबरोबर आखाडे असतात आणि त्यांची तालीम आधीचे आठ-पंधरा दिवस चालते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज ढोल घुमत होता. मिरवणूक झाली आणि तिसऱ्या दिवशी ठकीने जेवण सोडले. एकदोनदा ओकली, कोपऱ्यात जाऊन पडली. दवाखान्यात नेले. अपचन म्हणून एक इंजेक्शन मिळाले. चार दिवसांनी स्वारी पूर्ववत.

दिवाळीत फटाके सुरू झाले. भाऊबीज उरकते न उरकते तोच पुन्हा ओकारी, जुलाब, अंगाला कंप. या वेळी पोटात जंत झाले असावेत असे ठरले. अशक्तपणा फार म्हणून एक सलाईन चढविली. दोनच तासांत ती उठून उभी राहिली आणि दाराकडे चालू लागली. आम्हांला वाटले, औषध लागू पडले.

मार्गशीर्षात पुतण्याच्या लग्नासाठी आम्ही सारे आठ दिवस पुण्यास गेलो. ठकीला शेजारी ठेवले होते. परत आलो तो तिच्या फासळ्या दिसू लागलेल्या, मागचे पाय लटपटत होते. आता नाव निघाले गोचीडतापाचे. त्याच्या औषधासोबत एक स्टिरॉइडचे इंजेक्शनही दिले गेले आणि कुत्री दुसऱ्या दिवशी अंगणात पळू लागली.

मग आली २०१८ ची रंगपंचमी. इंदूरची गेर ज्याने पाहिली आहे त्याला त्या दिवसाचा गलका सांगावयास नको. टोळ्या, पिचकाऱ्या, रंगाचे टँकर, दिवसभर कर्णे. दोन दिवसांनी पहाटे सौ. अंगणात सडा घालावयास गेली, तर ठकी पायरीशी आडवी पडलेली. पंजे गार, डोळे निस्तेज, हाक मारली तरी शेपूट हलेना. रक्त तपासले तेव्हा यूरिया आणि क्रिॲटिनिन दोन्ही फार चढलेली निघाली. मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, तिला आता त्रास देऊ नका, सुखाने जाऊ द्या, असा सल्ला मिळाला. अडीच-तीन वर्षांचे कुत्रे आणि मूत्रपिंडे निकामी! सल्ला देणाऱ्याला मी दोष देत नाही. समोरच्या कागदावर जे आकडे होते त्यांचा सरळ अर्थ तोच होता.

सौ. म्हणाली, "अहो, एक रात्र द्या. उद्या पाहू."

कालनिर्णयातील चौकोन

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाच्या ओळखीने एक तरुण पशुवैद्य बाई घरी आल्या. इंदूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महू येथे १९५५ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. बाई तेथेच शिकलेल्या. त्यांनी प्रथम ठकीच्या छातीला नळी लावली आणि घड्याळाकडे पाहत पुष्कळ वेळ ठोके मोजले. मग म्हणाल्या, "काका, कुत्रं इतकं गार पडलं की त्याचं हृदय धावायला हवं. हिचं तर रेंगाळतंय." आणि लगेच दुसरा प्रश्न आला, "याआधी असं कधी कधी झालं? तारखा सांगता येतील?"

मी आठवू लागलो. मुलाने फोनमध्ये शोधले. सौ. मात्र काही न बोलता स्वयंपाकघरात गेली आणि खिळ्यावरचे कालनिर्णय काढून घेऊन आली. आमच्याकडे नवे वर्ष लागले तरी जुने कालनिर्णय काढून टाकीत नाहीत; नवे त्याच्यावरच टांगतात. त्या चौकोनांतून तिचा दुधाचा, गॅसच्या टाकीचा आणि मोलकरणीच्या खाड्यांचा हिशेब असतो. त्याच हिशेबात बारीक अक्षरात लिहिलेले होते: 'ठकी जेवली नाही', 'ठकी दोनदा ओकली', 'ठकीला सलाईन', 'ठकी बरी'. आणि त्याच पानांवर तीन-चार घरे मागे छापलेले होते: अनंत चतुर्दशी, लक्ष्मीपूजन, रंगपंचमी. मार्गशीर्षाच्या पानावर सौ.ने स्वतःच लिहिले होते, 'पुणे'.

बाईंनी पाने पुढेमागे केली. "काकू, हिचं दुखणं सणावाराला येतं," त्या म्हणाल्या. "चार वेगळे आजार नाहीत हे. एकच आहे."

वृक्कावरची टोपी

हे समजून घेण्यासाठी थोडे शरीरशास्त्र पाहावे लागेल. माणसाप्रमाणेच कुत्र्याच्याही दोन्ही मूत्रपिंडांपाशी एकेक लहानशी ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. आकाराने ती क्षुल्लक, परंतु तिच्यावाचून प्राणी जगत नाही. तिच्या बाहेरच्या थरात जी संप्रेरके तयार होतात त्यांतील दोन आपल्या प्रस्तुत विषयाची आहेत.

पहिले कॉर्टिसॉल. भीती, प्रवास, ताप, उपवास, गलका, विरह असे काहीही संकट आले की शरीर याचा पुरवठा वाढविते. रक्तातील साखर, रक्तदाब, आतड्यांचे आरोग्य यांचा तोल ते राखते. दुसरे अल्डोस्टेरॉन. याचे काम मिठाच्या कोठीवर पहारा देण्याचे. मूत्रपिंडातून सोडियम बाहेर जाऊ द्यायचे नाही आणि जादा पोटॅशियम मात्र बाहेर काढायचे, असे त्याचे दुहेरी कर्तव्य आहे.

काही तरुण कुत्र्यांमध्ये शरीराची संरक्षक यंत्रणा स्वकीयांनाच शत्रू समजून या ग्रंथीचा बाहेरचा थर हळूहळू नष्ट करते. सुमारे नऊ-दशांश भाग नाहीसा होईपर्यंत वरकरणी काही दिसत नाही. उरलेल्या दशांशावर रोजचे जीवन चालते, पण संकटाच्या वेळी जादा मागणी आली की कोठार रिकामे! म्हणून ठकी सणाच्या दिवशी आजारी पडत नसे; सणानंतर दोनतीन दिवसांनी पडे. पुढेपुढे अल्डोस्टेरॉनही संपते. पहारेकरी गेला की सोडियम लघवीवाटे वाहू लागते, त्याच्या मागोमाग पाणी जाते, रक्ताचे आकारमान घटते, रक्तदाब उतरतो. मूत्रपिंडांना रक्त पुरेसे मिळत नाही, म्हणून यूरिया आणि क्रिॲटिनिन साचतात. मूत्रपिंडे मुळात धडधाकट असतात. त्यांची उपासमार होत असते. इकडे बाहेर न पडलेले पोटॅशियम रक्तात चढते आणि हृदयाची गती मंदावते. बाईंना जे रेंगाळणारे ठोके ऐकू आले त्यांचा अर्थ हा होता.

सलाईन म्हणजे शुद्ध मिठाचे पाणी. ती चढविली की सोडियम मिळते, रक्त वाढते, पोटॅशियम पातळ होते आणि कुत्रे जादू झाल्यासारखे उठून बसते. आपण समाधानाने घरी जातो. खरे पाहता 'सलाईनने इतक्या लवकर बरे का वाटले?' हाच प्रश्न तेथे विचारावयास हवा होता. स्टिरॉइडच्या इंजेक्शनाचेही तसेच. ते कॉर्टिसॉलचेच जातभाई असल्यामुळे उसनवारीवर काही दिवस निभावते. दोन्ही वेळा ठकीला लागू पडलेल्या उपायानेच आजाराचे नाव सांगितले होते. आम्हांला ते ऐकू आले नाही.

एका डॉक्टराचे नाव

या विकाराला ॲडिसनचा रोग म्हणतात. लंडनच्या गाईज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये माणसांमधील या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. त्या काळी क्षयरोगाने ग्रंथी पोखरली जाणे हे त्याचे एक प्रमुख कारण होते. पुढच्याच वर्षी ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले की या ग्रंथी काढून टाकल्या तर मृत्यू अटळ असतो. १९३० च्या सुमारास ग्रंथी काढलेल्या प्राण्यांना ग्रंथीच्या बाह्य थराचा अर्क टोचून जगविता आले. त्या प्राण्यांत कुत्रीही होती. या थरातील संप्रेरकांच्या शोधाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक केंडॉल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळाले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना हाच रोग होता आणि औषधांच्या आधारावर त्यांनी राज्यकारभार केला. माणसाला या रोगातून वाचविणाऱ्या ज्ञानात कुत्र्यांच्या प्राणांची भर आहे. कुत्र्यांना आपोआप होणाऱ्या या विकाराचे वर्णन मात्र वैद्यकीय वाङ्मयात १९५३ मध्ये आले, म्हणजे ॲडिसनच्या ग्रंथानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. हे ऋण कोणाचे कोणावर, याचा विचार वाचकांनीच करावा.

निदानाची वाट

बाईंनी पुढे काय केले ते क्रमाने सांगतो, कारण त्या क्रमालाच महत्त्व आहे.

सलाईन लावण्यापूर्वी त्यांनी रक्त काढून घेतले. आधी सलाईन गेली असती तर बिघडलेले आकडे सावरले असते आणि पुरावा पुसला गेला असता. रक्त काढल्यावर मात्र एक क्षणही न दवडता सलाईन सुरू केली. जीव आधी, निदान मागून; पण पुराव्याचे चार थेंब त्याच्याही आधी.

दुपारी आकडे आले. निरोगी कुत्र्याच्या रक्तात दर लिटरला सोडियम साधारण १४० ते १५५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५.५ या मापात असते. सोडियमला पोटॅशियमने भागले असता उत्तर २७ ते ४० यांच्या दरम्यान येते. ते २७ च्या खाली गेले की संशय घ्यावा आणि २० च्या खाली गेले की तो बळकट समजावा, असा संकेत आहे. ठकीचे सोडियम १२८ आणि पोटॅशियम ७.१ होते. मी स्वतः कागदावर भागाकार केला. उत्तर १८ आले. चौथीच्या मुलालाही येणारे गणित, पण आदल्या दिवशीच्या तपासणीत सोडियम-पोटॅशियम मागितलेच गेले नव्हते, म्हणून ते कोणी मांडले नाही.

दुसरी खूण पांढऱ्या पेशींच्या मोजणीत सापडली. कोणतेही कुत्रे गंभीर आजारी असले की कॉर्टिसॉलच्या प्रभावाने त्याच्या रक्तातील लसीकापेशी आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी घटतात. ठकी मरणपंथाला लागलेली असूनही तिच्या या पेशी सुखवस्तू कुत्र्यासारख्या भरपूर होत्या. जे असावयास हवे ते नसणे, हाही पुरावाच असतो. लघवीही पातळ होती. वास्तविक शरीर कोरडे पडले असता निरोगी मूत्रपिंडे लघवी दाट करतात. पण मीठ वाहून गेलेले असले की त्यांनाही ते साधत नाही, आणि म्हणून मूत्रपिंडे निकामी झाल्याचा भास अधिकच पक्का होतो.

परंतु बाई येथे थांबल्या नाहीत. "हा भागाकार म्हणजे संशय, निकाल नव्हे," असे त्यांचे म्हणणे. खरोखरच निकामी झालेली मूत्रपिंडे, तुंबलेली किंवा फुटलेली मूत्रवाट, एवढेच काय पण आतड्यांतील चाबूककृमी नावाच्या जंतांचा उपद्रवसुद्धा हे प्रमाण असेच बिघडवू शकतो. उलट, काही कुत्र्यांमध्ये केवळ कॉर्टिसॉलच घटलेले असते, सोडियम-पोटॅशियम अगदी ठाकठीक असतात, आणि तरीही रोग हाच असतो. त्यांचे निदान तर आणखी रखडते.

म्हणून रक्तातील कॉर्टिसॉल मोजावयाचे. ते दर डेसिलिटरला २ मायक्रोग्रॅमहून अधिक निघाले तर हा रोग बहुधा नाही असे समजून दुसरीकडे शोध घ्यावा. त्याहून कमी निघाले तर अंतिम परीक्षा करावी लागते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी एसीटीएच नावाचा निरोप पाठवून अधिवृक्क ग्रंथीला कामाला लावते. तोच निरोप इंजेक्शनातून द्यावयाचा आणि तासाभराने पुन्हा कॉर्टिसॉल मोजावयाचे. निरोगी ग्रंथी लगेच उत्तर देते. ते इंजेक्शन आम्हांला गावात चटकन मिळाले नाही. बाहेरून मागवावे लागले. दरम्यान ठकीला आधार देण्यासाठी बाईंनी अगदी मोजके डेक्सामेथासोन दिले, कारण प्रेडनिसोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन दिले तर तपासणीयंत्र त्यांनाच कॉर्टिसॉल समजून फसते; डेक्सामेथासोनने तशी फसगत होत नाही. मार्गशीर्षातल्या त्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनाविषयीही त्यांनी खोदून विचारले होते, ते एवढ्यासाठीच. तिसऱ्या दिवशी परीक्षा झाली. आधीचे कॉर्टिसॉल १ च्या खाली, तासानंतरचेही १ च्या खालीच. निरोप पोहोचला होता. उत्तर द्यायला घरात कोणी नव्हते.

संशय केव्हा घ्यावा

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे अवश्य आहे. हा रोग विरळा आहे. लहान पिल्लू ओकू लागले, त्याला रक्ताचे जुलाब झाले, तर पहिला विचार पार्वो या विषाणूचा, जंतांचा, गिळलेल्या वस्तूचा किंवा उंदराच्या औषधाचाच करावा आणि तत्काळ दवाखाना गाठावा. परंतु कुत्रे तरुण आहे, दुखणे येते आणि जाते, दर वेळी नाव निराळे निघते, सलाईनने किंवा स्टिरॉइडने चमत्कारासारखे बरे वाटते आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच, असा फेरा असेल तर 'याची अधिवृक्क ग्रंथी तर बिघडली नसेल?' असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यास हरकत नाही. हा रोग बहुधा तरुण ते मध्यमवयीन कुत्र्यांना होतो आणि कुत्र्यांपेक्षा कुत्र्यांच्या माद्यांमध्ये अधिक आढळतो. स्टँडर्ड पूडल, पोर्तुगीज वॉटर डॉग, ग्रेट डेन, रॉटवायलर यांसारख्या काही जातींत त्याचे प्रमाण जास्त. नोव्हा स्कॉशिया डक टोलिंग रिट्रीव्हर या जातीत तर तो काही आठवड्यांच्या पिल्लांतही दिसतो आणि आनुवंशिक असल्याचे सिद्ध झाले आहे. तथापि आमच्या ठकीसारख्या मिश्र रक्ताच्या गरीब प्राण्यांनाही तो सोडीत नाही.

याच्या नेमका उलट असा कुशिंगचा रोग असतो. त्यात कॉर्टिसॉल अतिरेकाने वाढते, कुत्रे सारखे पाणी पिते, पोट सुटते, केस झडतात. तो बहुधा उतारवयातला विकार आहे. तरुण कुत्र्यात ही लक्षणे दिसली तर अंगावरच्या खाजेसाठी महिनोगणती दिलेल्या स्टिरॉइडची आठवण आधी करावी. आणि अशी औषधे चालू असतील तर ती एकाएकी बंद करू नयेत. बाहेरून आयती भाकरी मिळू लागली की ग्रंथी आपले काम विसरते. ती भाकरी एका दिवसात तोडली तर औषधापायीच ॲडिसनसारखी अवस्था ओढवते. दुकानातून आपल्या मनाने स्टिरॉइड आणून देणे आणि आपल्या मनाने थांबविणे, दोन्ही घातक.

घरच्या माणसांनी काय करावे? मला जे उमगले ते एवढेच: लिहून ठेवावे. कोणत्या दिवशी जेवले नाही, किती वेळा ओकले, पाणी किती प्याले, लघवी किती झाली, वजन किती भरले, आदल्या आठवड्यात घरात काय घडले, कोणते औषध दिले आणि त्याने किती तासांत उतार पडला. औषधांच्या चिठ्ठ्या आणि तपासणीचे कागद एका पिशवीत ठेवावेत. डॉक्टर बदलला की कागद घरी राहतात आणि प्रत्येक नवा डॉक्टर पहिल्या पानापासून वाचू लागतो. ठकीच्या चार आजारपणांत आम्ही तीन दवाखाने पाहिले. त्यांतील एकाही ठिकाणी आम्ही मागची हकीकत धडपणे सांगितली नव्हती. मग चुकले कोणाचे? मी पुष्कळ दिवस डॉक्टरांवर रागावलेला होतो. आता तितकासा नाही. प्रत्येकाने आपल्यापुढचे एक पान वाचले. सारी पोथी एकट्या आमच्याच घरात होती.

निदानानंतर

या रोगात ग्रंथी पुन्हा उगवत नाही. औषध आमरण चालते. परंतु ते वेळेवर मिळाले तर कुत्रे आपले पुरते आयुष्य जगते, ही यातली मोठी समाधानाची गोष्ट. अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या असतात; माणसांच्याच औषधांच्या दुकानात त्या मागाव्या लागतात. परदेशांत महिन्याकाठी घ्यावयाचे इंजेक्शनही वापरतात. कॉर्टिसॉलच्या जागी प्रेडनिसोलोनची अगदी अल्प मात्रा. प्रारंभी दर पंधरवड्याला आणि पुढे काही महिन्यांनी रक्त तपासून मात्रा जुळवावी लागते. मी बाईंना भोळेपणाने विचारले होते, "तिच्या भातात मीठ वाढवू का?" त्या हसून म्हणाल्या, "काका, कोठीला दार नसेल तर धान्य वाढवून काय उपयोग? आधी दार बसवू या." तेव्हा ज्यांच्या मनात घरच्या घरी मिठाचा उपाय करण्याचे येत असेल त्यांनी तो विचार सोडावा.

एक गोष्ट मात्र घरच्यांनाच सांभाळावी लागते. निरोगी शरीर संकटाच्या वेळी कॉर्टिसॉल आपोआप वाढविते. या कुत्र्याच्या बाबतीत ते काम पंचांग पाहून आपल्याला करावे लागते. गलका, प्रवास, पाहुणे, शस्त्रक्रिया यांच्या आधी डॉक्टरांनी सांगितले असेल त्याप्रमाणे प्रेडनिसोलोन वाढवायचे आणि नंतर हळूहळू मूळ मात्रेवर यायचे. आमच्या घरी हे खाते सौ.कडे आहे. नवे कालनिर्णय आले की ती प्रथम संकष्टी आणि एकादशी पाहते, मग अनंत चतुर्दशी, दिवाळी आणि रंगपंचमी यांच्या आदल्या चौकोनांत लाल शाईने एक 'ठ' काढून ठेवते.

ठकीने आता दहा वर्षे ओलांडली आहेत. थूथन पांढरे झाले, मागच्या पायांत संधिवात शिरला, तो वयाचा. नात शिकण्यासाठी पुण्यास गेली. तिचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, "आजी, ठकीची गोळी दिलीस ना?" २०१७ आणि २०१८ ही दोन कालनिर्णये आम्ही रद्दीत घातली नाहीत, सुतळीने बांधून माळ्यावर ठेवली आहेत. परवा रंगपंचमीला नदीपलीकडून कर्ण्यांचा आवाज येऊ लागला तशी म्हातारी उठली, स्वयंपाकघरात येऊन सौ.च्या पायांशी बसली आणि तोंड वर करून वाट पाहू लागली. गोळी गुळाच्या खड्यात घालून दिली जाते. ती खाऊन ती पुन्हा आपल्या पायरीवर जाऊन झोपली.